सुरकुती आणि प्रक्षेप : औंधच्या निमित्ताने वार्धक्य, निर्मिती व व्यक्तिचित्र ह्यांविषयी

'म्हातारा' ह्या मराठी शब्दाची व्युत्पत्ती संस्कृत 'महत्तर' ह्या शब्दाशी जोडली जाते. महत्तर म्हणजे अधिक मोठा. गावातील वा कुळातील वडीलधारा. 'वृद्ध' हा शब्द वृध् म्हणजे वाढणे ह्या धातूपासून झालेला आहे. उलट 'जरा' आणि 'जीर्ण' हे शब्द जॄ म्हणजे झिजणे ह्या धातूचे. जो वाढला तो वृद्ध आणि जो झिजला तो जीर्ण, अशी एकाच अवस्थेची दोन निदाने भाषेने शेजारी शेजारी ठेवली आहेत आणि त्यांतून एकाची निवड करण्याची घाई तिने केलेली नाही. (पाणिनीच्या परिभाषेत तर ज्या शब्दाचा पहिला स्वर वृद्धिसंज्ञक असतो तो शब्दच 'वृद्ध' म्हटला जातो. त्या हिशेबाने 'औंध' हे ग्रामनामही वृद्ध ठरते. व्याकरणाचा हा विनोद अर्थातच प्रमाण म्हणून पुढे करण्याचा माझा मानस नाही.)

भाषेने राखलेला हा समतोल चित्रांनी राखला आहे काय, हा प्रस्तुत लेखाचा प्रश्न आहे. गेल्या शतकदीडशतकात महाराष्ट्रात जी व्यक्तिचित्रे रंगविली गेली व जी छायाचित्रे काढली गेली, त्यांत वार्धक्याला कोणते स्थान मिळाले. आणि वृद्ध माणूस काही नवे निर्माण करीत असतो तेव्हा त्याची ती निर्मिती ह्या चित्रांतून दिसते की झाकली जाते, हे पाहावयाचे आहे. ह्या विचारासाठी औंधसारखे दुसरे ठिकाण मला ठाऊक नाही. आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात असलेल्या ह्या लहानशा गावी, ७२ गावांच्या एका चिमुकल्या संस्थानाच्या राजधानीत, विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दोन समवयस्क चित्रकार तीस वर्षे एकमेकांच्या शेजारी म्हातारे झाले. एक संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१); दुसरे पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर (१८६७–१९६८).

प्रथम व्यक्तिचित्राच्या परंपरेविषयी थोडे सांगितले पाहिजे. व्यक्तिचित्राला मराठीत जे जुने शब्द आहेत त्यांपैकी 'तसबीर' आणि 'शबीह' हे अरबी-फारसीतून आले. 'शबीह' ह्याचा अर्थच सादृश्य असा आहे. 'छबी' हा शब्द संस्कृत 'छवि' ह्यापासून आलेला, आणि 'छवि' ह्याचा एक जुना अर्थ त्वचा, कातडी असा आहे. कांती, शोभा हे अर्थ त्यावरून आले. छायाचित्राला 'छबी' म्हणणाऱ्यांनी नकळत नेमका शब्द निवडला असे म्हणावयास हरकत नाही, कारण कॅमेरा पाहतो ती कातडीच. मुंबईत १८५४ साली फोटोग्राफिक सोसायटी निघाली व डॉ. नारायण दाजींसारखी मंडळी तिच्यात वावरू लागली, तेव्हापासून सादृश्याची जबाबदारी हळूहळू चित्रकाराकडून यंत्राकडे गेली. परंतु चित्रकार बेकार झाला नाही. छायाचित्र समोर ठेवून त्यावरून तैलचित्र करून घेण्याची चाल पडली, विशेषतः दिवंगत व्यक्तीचे. आणि आपल्या नगरवाचनालयांतून, महाविद्यालयांच्या सभागृहांतून व वाड्यांच्या दिवाणखान्यांतून आज जी तैलचित्रे टांगलेली आढळतात त्यांतील पुष्कळशी ह्याच रीतीने सिद्ध झालेली आहेत. यंत्राने कातडी टिपावयाची आणि कुंचल्याने ती नीटनेटकी करावयाची, अशी ही श्रमविभागणी होती. छायाचित्रकारही मागे नव्हता. काचेच्या निगेटिव्हवर अणकुचीदार पेन्सिलीने काम करून डोळ्यांखालच्या रेषा, कपाळावरच्या आठ्या व गळ्याची सैल कातडी नाहीशी करणे हे प्रत्येक चांगल्या स्टुडिओत शिकविले जाणारे कसब होते. गिऱ्हाईक त्याचे पैसे देत असे.

ह्या परंपरेतील एक विसंगती लक्षात घेण्याजोगी आहे. वार्धक्य रंगविण्यास आपले चित्रकार नाखूश होते असे मुळीच नाही. कलाशाळेतील अभ्यासचित्रांत आणि प्रदर्शनांतील जलरंगांत वृद्ध फकीर, वृद्ध भिकारी, काठी टेकलेली आजीबाई ह्यांची रेलचेल असे. सुरकुती ही विद्यार्थ्याला छायाप्रकाशाचे शिक्षण देणारी उत्तम शिक्षिका मानली जात होती. मात्र ह्या वृद्धांना नावे नसत. ज्याला नाव आहे, पदवी आहे, ज्याच्या चित्राखाली पितळी पट्टी ठोकावयाची आहे, त्याच्या चेहऱ्यावर तीच सुरकुती आली की ती अडचण ठरे. अनामिकाचे वार्धक्य हा कलेचा विषय, आणि नामांकिताचे वार्धक्य हा रीटचिंगचा. ह्या भेदाचा उगम सामाजिक आहे हे उघड आहे. मला त्यातील वाङ्मयीन तत्त्व अधिक महत्त्वाचे वाटते. ह्या रीतीच्या मुळाशी अशी कल्पना आहे की, प्रत्येक व्यक्तीचा एक मूळ पाठ असतो, तो तिच्या चाळिशीच्या आसपास केव्हातरी सिद्ध झालेला असतो, आणि पुढे जे काही चेहऱ्यावर येते तो प्रक्षेप होय. चित्रकाराने प्रक्षेप काढून टाकावा व संहिता शुद्ध करावी!

ही उपमा मी ओढून आणलेली नाही. ती औंधच्याच इतिहासातून आलेली आहे. १९१८ साली बाळासाहेबांनी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराकडे महाभारताच्या सचित्र आवृत्तीची कल्पना मांडली व तिच्यासाठी एक लाख रुपयांचे साहाय्य देऊ केले. १ एप्रिल १९१९ रोजी, वयाच्या ८१व्या वर्षी, रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी पहिल्या पाठसंकलनपत्रावर अक्षरे लिहून त्या कार्याला आरंभ केला. पुढे विष्णु सीताराम सुखटणकरांच्या संपादकत्वाखाली जी चिकित्सित आवृत्ती निघाली आणि १९६६ साली जी पूर्ण झाली, तिच्या पाठचिकित्सेचा अभ्यास आपल्या विभागांतून होत असतो. पण तिच्या मुखपृष्ठावरील एका ओळीकडे आपण सहसा लक्ष देत नाही. त्या ओळीत हा ग्रंथ श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी ह्यांनी प्राचीन नमुन्यांवरून सचित्र केला असल्याचे नमूद आहे. 'प्राचीन नमुन्यांवरून' हे शब्द अर्थपूर्ण आहेत. संपादक ज्याप्रमाणे अर्वाचीन भर बाजूस सारून जुन्या पाठाकडे जावयाचा, त्याप्रमाणे चित्रकाराने अर्वाचीन साड्या, मखमली व नाटकी मुकुट बाजूस सारून जुन्या वेषाकडे जावयाचे, असा हा चित्रांच्या पाठशुद्धीचा प्रयत्न होता. राजा रविवर्म्याच्या पिढीनंतरच्या चित्रकाराने हा प्रश्न उपस्थित करावा ह्यात बुद्धीचा स्वतंत्रपणा आहे.

परंतु प्रश्न योग्य असला म्हणजे चित्र चांगले होतेच असे नाही, आणि येथे समीक्षकाने आपले मत स्वच्छ सांगितले पाहिजे. बाळासाहेबांची चित्रे, १९१६च्या 'चित्ररामायणा'पासून पुढची, आख्यानकाराची चित्रे आहेत. ते उत्तम कीर्तनकार होते, आणि कीर्तनकार ज्याप्रमाणे प्रसंग श्रोत्यांकडे तोंड करून उभा करतो त्याप्रमाणे त्यांची पात्रे प्रेक्षकांकडे तोंड करून उभी राहतात. कोण कोण आहे व काय घडत आहे हे लगेच समजते. मात्र दोन आकृतींमधल्या रिकाम्या जागेत काही घडत नाही. रेखांकनात मेहनत आहे, रंगात संयम आहे, आणि एका चित्रातून दुसऱ्यात जाताना हाताला नवी अडचण सापडल्याचे चिन्ह नाही. 'प्रतिनिधी' हा शब्द अमरकोशात प्रतिमा ह्या अर्थाच्या शब्दांत गणला आहे, हा योगायोग त्यांच्या चित्रांच्या बाबतीत मार्मिक वाटतो: ती चित्रे कथेची प्रतिनिधी आहेत, कथेच्या जागी उभी आहेत, पण स्वतःच्या बळावर क्वचितच.

असे स्पष्ट विधान करताना आपली लेखणी अडखळते, आणि ती का अडखळते हे तपासण्याजोगे आहे. 'एवढा कारभार सांभाळून', 'ह्या वयातही' असे क्रियाविशेषण आपण लगेच जोडतो. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाला 'ही' ह्या अव्ययाचे कार्य ठाऊक असते: ते अपेक्षाभंग दर्शविते. 'ह्या वयातही ते चित्रे काढतात' ह्या वाक्यात 'ह्या वयात चित्रे काढली जात नसतात' असे गृहीतक दडलेले आहे. स्तुतीच्या रूपाने येणारे हे वाक्य वस्तुतः त्या चित्रांना परीक्षेतून सूट देते, आणि परीक्षेतून सूट मिळालेला विद्यार्थी उत्तीर्णही झालेला नसतो. वृद्धांच्या निर्मितीचा आपल्याकडे जो सन्मान होतो त्यातील पुष्कळ भाग ह्या सुटीचा आहे. ज्याला आपण वृद्ध म्हणून गौरवितो त्याच्या कृतीला चूक म्हणण्याचे धैर्य आपणांस नसेल, तर तिला बरोबर म्हणण्याचा अधिकारही आपणांस राहत नाही.

बाळासाहेबांच्या वार्धक्याचे दुसरे चित्र आहे ते छायाचित्रांचे. त्यांनी १९०८च्या सुमारास सूर्यनमस्कारांचा नियम धरला आणि त्यावर मराठीत व इंग्रजीत पुस्तके लिहिली. १९३६ साली ते विलायतेस गेले होते, आणि १९३८ साली लंडनमध्ये त्यांचे ह्या विषयावरील पुस्तक नव्याने निघाले. लेखक तेव्हा सत्तरीला टेकला होता. ह्या लेखनातील मुख्य युक्तिवाद शास्त्रीय नसून दैहिक आहे: तीस वर्षांचा नियम व तो पाळणारे शरीर हाच पुरावा. व्यायामाच्या पुस्तकातील छायाचित्र हा व्यक्तिचित्राचा एक उपेक्षित प्रकार आहे. त्यात खुर्ची नाही, पडदा नाही, हातात ग्रंथ वा तलवार नाही; बाजूने घेतलेला उघडा देह आहे आणि खाली आकडा आहे. चेहरा हे येथे मुख्य अंग नव्हे. दरबारी तैलचित्रात जे जे येते ते सर्व येथे गळून पडलेले असते, आणि एका राजाने अशा पुस्तकाला आपला देह पुरावा म्हणून द्यावा ह्यात, त्या काळाचा विचार करता, मोठेच धाडस होते.

तरीही ह्या प्रकाराने आपला प्रश्न सुटला असे मला वाटत नाही. जो देह म्हातारा न झाल्याचा दाखला म्हणून पुढे केला जातो तो वार्धक्याविषयी काहीच सांगत नाही. दरबारी चित्रकाराने कुंचल्याने जे केले तेच येथे नियमाने केले, इतकेच. दोहोंतही वार्धक्य हा प्रक्षेपच राहिला. एकाने तो पुसला, दुसऱ्याने तो शिरूच दिला नाही. आजच्या वर्तमानपत्रांतून अमुक वयाचे गृहस्थ डोंगर चढल्याची जी छायाचित्रे येतात तीही ह्याच कुळातली.

बाळासाहेबांच्या उतारवयातील खरी निर्मिती त्यांच्या चित्रांत नाही व देहातही नाही, असे माझे मत आहे. ती आहे मूळपीठाच्या डोंगरावर, यमाईच्या देवळाकडे जाणाऱ्या वाटेवर, १९३८ साली बांधून झालेल्या श्रीभवानी संग्रहालयात. आज ते शासनाच्या ताब्यात आहे. रविवर्म्याची चित्रे, धुरंधरांची शिवचरित्रावरील चित्रे, पहाडी शैलीतील लघुचित्रे, पाश्चात्त्य चित्रांच्या नकला, हस्तिदंती व चंदनी कोरीवकाम, आणि ह्या सर्वांच्या पंगतीला खुद्द संस्थानिकाची स्वतःची चित्रे. पुढे हेन्री मूरचे 'माता आणि बालक' हे शिल्पही तेथे आले व आजही तेथे आहे, ही गोष्ट ऐकून नवख्या माणसाचा विश्वास बसत नाही. ह्या संग्रहाची निवड एका धोरणाने झालेली नाही अशी तक्रार जाणकार करतात, आणि ती खरी आहे. नकला आणि अस्सल, उत्तम आणि केवळ नवलाचे, असे सर्व तेथे एका छपराखाली आहे. चोखंदळ रसिकाने अर्धा संग्रह काढून टाकला असता. पण वृद्धाची स्मृती अशीच असते: तीत श्रेष्ठ व सामान्य एकाच फळीवर राहतात. ह्या संग्रहालयाकडे मी बाळासाहेबांचे व्यक्तिचित्र म्हणून पाहतो, आणि त्यांच्या ज्ञात व्यक्तिचित्रांत ते मला सर्वांत प्रामाणिक वाटते. स्वतःची चित्रे रविवर्म्याच्या सान्निध्यात टांगण्यात आत्मप्रौढी असेल. परंतु ज्याने अशी व्यवस्था केली त्याने तुलनेचा अधिकार पाहणाऱ्याच्या हाती दिला हेही खरे. आपल्या चित्रांविषयी वर मी जे लिहिले ते लिहिण्याची सोय त्यांनीच करून ठेवली आहे.

त्याच सुमारास, जानेवारी १९३९ मध्ये, त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने तयार झालेल्या राज्यघटनेद्वारे आपली सत्ता प्रजेच्या हाती सोपविली. अप्पासाहेब पंत आणि मॉरिस फ्रिडमन ह्यांचा त्यातील वाटा प्रसिद्ध आहे व तो इतिहासाचा विषय आहे. येथे एवढेच नोंदवावयाचे की सत्तरीतील मनुष्याची निर्मिती कित्येकदा सोडून देण्याच्या रूपाने होते, आणि तैलचित्राला काढून घेतलेली गोष्ट रंगविता येत नाही. दरबारी पोशाखातील राजाचे चित्र १९३८चे आणि १९४०चे सारखेच दिसेल.

ह्याहून विलक्षण उदाहरण पंडित सातवळेकरांचे आहे. त्यांच्याविषयी लिहिणारे त्यांच्या वेदकार्याने आरंभ करतात व ते एके काळी चित्रकारही होते असे जाता जाता सांगतात. क्रम उलटा धरला पाहिजे. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत शिकलेला हा चित्रकार. हैदराबाद आणि नंतर लाहोर येथे चित्रकला व छायाचित्रण हाच त्यांचा चरितार्थ होता. म्हणजे नामांकितांची व्यक्तिचित्रे तयार करण्याच्या ज्या व्यवसायाचे वर्णन वर केले, त्याचे ते अंतर्बाह्य जाणकार होते. गिऱ्हाइकाला आपल्या चेहऱ्यातील काय हवे असते व काय नको असते हे त्यांना नेमके ठाऊक असणार. १९१८ साली, पन्नाशी उलटल्यावर, ते बाळासाहेबांच्या आश्रयाने औंधास आले आणि त्यांनी स्वाध्याय मंडळाची स्थापना केली. हिंदीत 'वैदिक धर्म' व मराठीत 'पुरुषार्थ' ही मासिके, मंडळाचा स्वतःचा छापखाना, वेदसंहितांचे शुद्ध मुद्रण, हिंदी भाषांतरासह महाभारत, गीतेवरील 'पुरुषार्थबोधिनी' टीका, घरबसल्या संस्कृत शिकविणारी पाठमाला हे सर्व त्या वयानंतरचे आहे. १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतर उसळलेल्या दंगलींच्या वर्षी, ऐंशी वर्षांच्या ह्या गृहस्थाने आपले बिऱ्हाड गुजरातेतील पारडी येथे हलविले व तेथे पुन्हा मुद्रण सुरू केले. पुण्याच्या चिकित्सित आवृत्तीचा पाठ घेऊन भाषांतरासह महाभारत काढण्याचे काम अखेरच्या वर्षांतले. १९६८ साली, शंभर वर्षे पुरी करून, ते वारले.

ह्या चरित्राला 'दीर्घायुष्य' हे नाव देऊन आपण मोकळे होतो. प्रत्यक्षात येथे दोन आयुष्ये आहेत आणि दुसरे पहिल्याएवढेच लांब आहे. पाठचिकित्सेच्या भाषेत बोलावयाचे तर हा मूळ संहितेत घुसलेला प्रक्षेप नव्हे, ही निराळी वाचना आहे. उत्तरेची वाचना व दक्षिणेची वाचना ह्यांत शुद्ध कोणती असे आपण विचारीत नाही. दोहोंचा परस्परसंबंध पाहतो. तसा तो येथे पाहिला तर काय दिसते? ऋग्वेदाच्या मुद्रणात अनुदात्ताची आडवी रेघ अक्षराखाली येते, स्वरिताची उभी रेघ डोक्यावर येते, आणि उदात्त निःचिन्ह राहतो. एक रेघ सरकली तर अर्थ बिघडतो. 'इन्द्रशत्रु' शब्दाची कथा पतंजलीने ह्यासाठीच सांगितली आहे. सहस्रावधी पृष्ठांवर अशा बारीक रेघांची जागा पारखणे हे काम ज्याचा डोळा कुंचल्याने घडला त्याच्याकडे यावे, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही. हे अनुमान आहे, पुरावा नव्हे. पण चित्रकाराने चित्रे सोडली म्हणजे त्याची दृष्टीही सुटली असे मानण्याला तरी कोणता पुरावा आहे?

रवींद्रनाथ ठाकुरांचे उदाहरण येथे आठवते. त्यांनी साठीनंतर कुंचला हाती घेतला व १९३० साली, सत्तरीच्या उंबरठ्यावर, पॅरिसमध्ये आपल्या चित्रांचे प्रदर्शन केले. हस्तलिखितांतील खाडाखोडीतून त्यांची चित्रे उगवली हे सर्वश्रुत आहे. रवींद्रनाथ शब्दांकडून चित्राकडे गेले. सातवळेकर चित्राकडून शब्दांकडे आले. पहिल्या प्रवासाचे आपणांस मोठे कौतुक आहे. दुसऱ्याची निर्मिती म्हणून दखलही घेतली गेलेली नाही, कारण संपादन, मुद्रण व भाष्य ह्यांना आपण निर्मिती मानीत नाही. विद्यापीठातील लोकांनी तरी असे मानावे हे नवल आहे.

'उत्तरकालीन शैली'विषयी पाश्चात्त्य समीक्षेत पुष्कळ लिहिले गेले आहे. आडोर्नोने १९३७ साली बेथोव्हेनच्या अखेरच्या रचनांवर लिहिलेला छोटा निबंध आणि एडवर्ड सैद ह्यांचे २००६ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेले पुस्तक आपल्याकडेही वाचले जाते. वृद्ध कलावंत समेट करीत नाही, त्याच्या अखेरच्या कृतीत तडे दिसतात, हा त्या विवेचनाचा गाभा. विचार मोलाचा आहे. पण त्याला एकच माध्यम लागते, ज्यात पूर्वीची व नंतरची शैली ताडून पाहता येईल. शिवाय बेथोव्हेन छप्पन्नाव्या वर्षी वारला. त्या वयाचे सातवळेकर औंधास येऊन पाच वर्षे झाली होती आणि त्यांचे बहुतेक काम व्हावयाचे होते. ह्या सिद्धान्ताला अधिक जुळणारा, त्याच १८६७ सालचा, एक तिसरा मनुष्य आहे: महादेव विश्वनाथ धुरंधर. ते अखेरपर्यंत चित्रकारच राहिले, आणि १९४० साली, त्र्याहत्तराव्या वर्षी, 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' हे आपल्या कलाशाळेतील आयुष्याचे वृत्त त्यांनी प्रसिद्ध केले. पण त्यांच्या उत्तरकाळात तडा शोधू गेल्यास हाती काही लागत नाही. हात शेवटपर्यंत तोच, सफाईदार. कौशल्य टिकणे ही लहान गोष्ट नव्हे. मात्र तिला नवनिर्मिती म्हणता येणार नाही.

मग वार्धक्यातील निर्मिती व्यक्तिचित्रात दिसू शकते की नाही? दिसू शकते, ह्याची दोन उदाहरणे देतो. दोन्ही परकी आहेत. सातवळेकर व धुरंधर जन्मले त्याच १८६७ साली ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन हिने वैज्ञानिक जॉन हर्शेल ह्याचे छायाचित्र घेतले. बाई कलकत्त्यात जन्मलेल्या. कॅमेरा त्यांच्या हाती आला तो अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. हर्शेल पंचाहत्तर वर्षांचा होता. काळोखातून पुढे आलेले विस्कटलेले पांढरे केस, एका बाजूचा प्रकाश, ओलसर डोळे, आणि सुरकुत्यांवर कुठेही पेन्सिल नाही. प्रतिमा किंचित अस्पष्ट आहे, कारण बसावयास बराच वेळ लागला व तेवढ्या वेळात माणूस श्वास घेतो. छायाचित्र क्षण टिपते म्हणतात; हे छायाचित्र काही मिनिटे टिपते. आणि ज्याच्याकडे आपण पाहतो आहोत त्यानेच 'निगेटिव्ह' व 'पॉझिटिव्ह' हे शब्द छायाचित्रणाच्या परिभाषेत आणले होते. आपल्याच संज्ञांनी सिद्ध झालेल्या काचेसमोर हा वृद्ध बसला आहे! दुसरे उदाहरण रेम्ब्रांटचे, साठीच्या सुमाराचे, मागे दोन वर्तुळे असलेले आत्मचित्र. त्यात चेहरा सावकाश, थरावर थर देऊन रंगविलेला आहे. पण ज्या हातात रंगफळी व कुंचले आहेत तो हात जवळजवळ रंगविलेलाच नाही, चार फटकारे आहेत. हात कामात आहे, म्हणून तो स्थिर नाही. म्हातारा मनुष्य काम करीत असताना त्याला कसे रंगवावे ह्याचे उत्तर त्या चार फटकाऱ्यांत आहे.

आपल्याकडील गौरवग्रंथांतील छायाचित्रे ह्या दृष्टीने पाहावीत. षष्ट्यब्दिपूर्तीचा, पंच्याहत्तरीचा, निवृत्तीचा ग्रंथ निघतो. आरंभी गुळगुळीत कागदावर सत्कारमूर्तींचे छायाचित्र असते. शाल असते, मागे पुस्तकांचे कपाट असते, हात मांडीवर असतात. हात मांडीवर ठेवून कोणी व्याकरण लिहिल्याचे माझ्या ऐकिवात नाही. मागील कपाटातले ग्रंथ त्यांनी वाचले हे त्यातून कळते. आत्ता टेबलावर कोणते उघडे आहे, हे नाही. पुढच्या चारशे पानांत शिष्य जे लेख लिहितात त्यांत गुरूंच्या चाळिशीतील सिद्धान्ताचा ऊहापोह असतो. त्यांनी मागच्या वर्षी जे लिहिले त्याचा उल्लेख, असलाच तर, तळटीपेत. चिकित्सित आवृत्तीच्या संपादकांनी प्रक्षिप्त ठरविलेले श्लोकही टाकून दिले नाहीत. तळटीपांत व परिशिष्टांत ते सर्व जपले आणि आज आपले कित्येक विद्यार्थी त्याच श्लोकांवर प्रबंध लिहितात. जिवंत विद्वानाच्या उत्तरकाळाला आपण तेवढीही जागा देत नाही.

आणखी एक साधी उणीव आहे, जिचे परिमार्जन उद्यापासून करता येईल. ह्या छायाचित्रांखाली नाव असते, पदव्या असतात, क्वचित छायाचित्रकाराचे नाव असते. छायाचित्र कोणत्या साली घेतले हे नसते. हस्तलिखिताचे एक पान छापावयाचे झाल्यास आपण त्याचा काळ, लिपी, कागद, प्राप्तिस्थान हे सर्व देतो, आणि काळ दिला नाही तर परीक्षक प्रबंध परत पाठवितो. माणसाचा चेहरा मात्र कालनिर्देशावाचून छापला जातो, जणू तो सर्वकाळ तसाच होता. औंधच्या बाबतीत ह्याचे परिणाम प्रत्यक्ष भोवतात. बाळासाहेबांची व सातवळेकरांची जी छायाचित्रे चरित्रांतून, मासिकांतून व स्मरणिकांतून पुनःपुन्हा छापली जातात, तीही बहुधा ह्याच रीतीने कालनिर्देशावाचून येतात, व त्यांचा क्रम लावावयाचा म्हणजे चष्मा, पागोटे, मिशांचा रंग ह्यांवरून अनुमान करावे लागते. ज्या मासिकाच्या अंकात छायाचित्र प्रथम आले तो अंक गाठून निदान त्याची उत्तरमर्यादा ठरविता येते. 'पुरुषार्थ' आणि 'वैदिक धर्म' ह्यांच्या जुन्या संचिका त्यासाठी चाळाव्या लागतील. औंध ते पारडी ह्या पन्नास वर्षांची एका मनुष्याची छायाचित्रे अशी सालवार लावून त्यांच्यासमोर त्या त्या सालचे मुद्रित काम ठेवणे हे पदव्युत्तर विद्यार्थ्याच्या आवाक्यातले काम आहे, आणि ते कोणी हाती घेतल्यास मूळपीठाच्या डोंगरावरील संग्रहातही त्याच पद्धतीने पुष्कळ करता येण्याजोगे आहे.